चित्राला एक तरी तोंड लागतं

यंदाच्या उन्हाळ्यातही ते चित्र माझ्या मोबाईलवर आलंच. पुतणीनं पाठवलं. खाली हसून लोळणारी पिवळी तोंडं, आणि "काकू, काय भारी काढलंय बघ! सगळ्या ग्रुपवर फिरतंय." मी चष्मा लावून बघितलं आणि फोन पालथा घालून ठेवला. पोरीला काय सांगायचं? ते चित्र पहिल्यांदा छापलं तेव्हा पानात मीच बसवलं होतं. खाली कोपऱ्यात बारीक सही आहे, 'बिरा'. ती आता कुणी वाचतही नाही.

बिरा म्हणजे आमचे तात्या. त्यांना जाऊन तीन वर्षं होतील. ते गेले तेव्हा आमच्याच पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्यांच्याबद्दल कुणीतरी नीट लिहावं असं मला वाटायचं. कुणी लिहिलं नाही, म्हणून मी बसले.

माझं शिक्षण सातवी. सांगलीच्या एका दैनिकात मी आधी छपाईचे खिळे जुळवायचे. संगणक आल्यावर दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघून बघून तोही शिकले, आणि मग पानं लावायला लागले. सगळे मला आक्का म्हणायचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे तात्यासुद्धा. तात्या पेपरचे व्यंगचित्रकार. पहिल्या पानावर, उजव्या अंगाला, तळहाताएवढी चौकट त्यांची. कितीतरी लोक आधी ती चौकट बघायचे आणि मग मथळे. काही जण नुसती चौकटच बघायचे, हेही खरं.

मूळचे ते वडूजकडचे. घरची मेंढरं. लहानपण सगळं त्यांच्यामागं गेलं, शाळा चौथीपर्यंत. खडकावर गेरूनं आधी मेंढरं काढली, मग माणसं. "शंभर मेंढरं असली तरी परतेकीचं तोंड निराळं असतंय, आक्का," म्हणायचे. "तुला सारखी दिसत्यात, कारण तू कवा बघितलीच न्हाईस."

पुढं ते पेंटर झाले. निवडणुकीत भिंती रंगवायचे. एकाच गावात गल्लीच्या डाव्या अंगाला एका पक्षाच्या, उजव्या अंगाला दुसऱ्याच्या. एकदा रंग उरला म्हणून देवळामागच्या भिंतीवर दोन्ही उमेदवार एका ताटात जेवताना काढले. त्या भिंतीचा फोटो आमच्या जुन्या संपादकांपर्यंत पोचला. तात्यांना दोन्हीकडून मार आणि आमच्याकडं नोकरी, दोन्ही एकाच आठवड्यात मिळालं. हे सांगताना मार आधी की नोकरी आधी, ते दर वेळी बदलायचं.

हापिसात त्यांची जागा खिडकीशी. खुर्चीवर मांडी घालून बसायचे, चपला खाली. दुपारी चारला चहा आला की कप खिडकीत ठेवायचा, तो गार होईपर्यंत चित्र पुरं. लेखणी दौतीत बुडवायची, रेघ ओढायची, फुंकर मारायची. खोडरबर मी त्यांच्याकडं कधी पाहिला नाही. चित्र हातात देताना म्हणायचे, "घे, ह्याला न्हाऊ घाल." म्हणजे स्कॅन कर. शाई कशी सांडायची त्यांच्याकडून, काय सांगू! शर्टाच्या डाव्या बाहीला कायम एक काळा ठिपका. त्यांची बायको म्हणे लग्नाच्या शर्टालाही तो ठिपका शोधत होती.

एक नियम मात्र लोखंडी. जी वस्तू नीट बघितली नाही, ती काढायची नाही. चित्रात ट्रॅक्टर असेल तर जाऊन ट्रॅक्टरवर बसून येणार. जिल्हा परिषदेची खुर्ची काढायची होती, तर सातारला जाऊन तिच्या पायाला बूड आहे का चाक, हे बघून आले. माणसांचंही तसंच. पुढाऱ्यांच्या सभेला गेले की पत्रकारांच्या रांगेत बसायचे नाहीत. मांडवामागं, वाढप्यांच्या बाजूला उभे. "भाषणात माणूस बसवलेला असतुया. जेवताना खरा दिसतुया," म्हणायचे. कागद-पेन्सिल बरोबर नाही. नुसतं बघायचं. डोळ्यानं एकदा उचललेलं तोंड पुढं दहा वर्षांनी हवं तेव्हा हातातून उतरायचं.

एकदा एक माजी मंत्री हापिसात आले. नाव कशाला घेऊ? आले ते थेट तात्यांच्या टेबलाशी.

"काय हो, माझं नाक एवढं मोठं आहे?"

तात्यांनी मांडी न सोडता वर बघितलं. निवांत बघितलं. म्हणाले, "न्हाई सायेब. चौकटीत मावंना म्हणून बारीक केलंय."

सगळं हापिस टाइप करायचं थांबलं. मंत्री आधी लाल झाले, मग असे हसले की पोट हलायला लागलं. जाताना मूळ चित्र मागून घेऊन गेले, फ्रेम करून दिवाणखान्यात लावायला. आम्ही तात्यांना म्हटलं, "जिंकलात की!" तर ते दिवसभर तोंड पाडून बसले. "आक्का, ज्याला माझं चित्र आवडलं, त्याला मी नीट मारलंच न्हाई."

असा माणूस. आता पुढचं सांगते. ते सांगायला मला जड जातं, पण त्यासाठीच तर बसलेय.

उन्हाळा होता. खटाव-माणकडं वाड्यावाड्यांवर टँकर चालू होते. टँकरचा ठेका तिथल्या एका मोठ्या नेत्याच्या मेव्हण्याकडं. खेपा कागदावर पुऱ्या, हंडे मात्र कोरडे. पाणी मधेच कुठल्या हॉटेलात, कुणाच्या फार्महाऊसवर उतरतंय, अशी बोंब. तात्यांच्याच मुलखातली गोष्ट. ते पेटले. नियमाप्रमाणं टँकर बघायला गेले. दिवसभर एका टँकरवाल्याशेजारी केबिनमध्ये बसून पाच वाड्या फिरले. पाईप कुठून निघतो, व्हॉल्व कसा फिरतो, विहिरीत पाणी पडताना बाया कशा धावतात, सगळं बघून आले.

त्या टँकरवाल्याचं नाव लक्ष्मण. तात्या आल्यावर त्याचं कौतुकच सांगत होते. पुढचा दात अर्धा तुटलेला, एक भुवई कायम वर चढलेली. दुपारी अर्धी भाकरी त्यानं यांना दिली. एका वाडीत एका म्हातारीला विहिरीपर्यंत येववत नाही, तर हा टँकर तिच्या दाराशी नेऊन पिंप भरून द्यायचा. "इमानी हाय गडी," तात्या म्हणाले. "चोरी होती ती वर, भरायच्या जाग्यालाच. तिथनं निम्मे टँकर वाड्यांवर येतच न्हाईत."

दुसऱ्या दिवशी चारला चित्र तयार. मधोमध टँकर. वर खिडकीतून नेता हात काढून सांगतोय, पाणी त्याच्या पोहायच्या हौदात चाललंय. खाली बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या. नेत्याचा चेहरा असा, की बघणाऱ्याला घाम फुटावा. व्हॉल्व फिरवणारा ड्रायव्हर एका कोपऱ्यात, नुसता पाठमोरा.

तेव्हाचे संपादक नवीन होते, तरुण. त्यांनी चित्र बघितलं आणि दार लावून घेतलं. निवडणूक तोंडावर होती. थोड्या वेळानं तात्या चित्र घेऊन बाहेर आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्याचं तोंड नको म्हंत्यात. पाठमोरा करा. लोकांस्नी कळंल म्हणं कोण ते."

तात्या एरवी भांडले असते. त्या दिवशी नाही भांडले. पान संध्याकाळी सहाला छपाईला सुटायचं, आणि चित्र नाही गेलं तर विषयच गेला असता. नवा कागद घेतला. नेता पाठमोरा केला. मग नुसते बघत बसले. चहा गार झाला.

"आक्का, समदीच पाठमोरी झाली. चित्राला एक तरी तोंड लागतं गं. न्हाईतर बघणारा आत शिरायचा कुठनं?"

आणि मग त्यांनी कोपऱ्यातला ड्रायव्हर वळवला. त्याला तोंड दिलं. हसणारं, व्हॉल्व फिरवणारं, लबाड तोंड. हात झरझर चालला. मी चित्र स्कॅनला लावलं, पडद्यावर मोठं झालं, आणि मला ते इतकं जिवंत वाटलं की मी विचारलं, "हा कोण हो?"

"कुणी न्हाई. असाच एक."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. आदल्या दिवशी दिवसभर जे तोंड बघितलं, तेच हाताबरोबर उतरलं होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता. तुटका दात, चढलेली भुवई. मी लक्ष्मणला पाहिलेलं नव्हतं. पण त्याचं वर्णन मी कालच ऐकलं होतं ना? भुवई मला दिसली होती. मीही पान सोडलं.

सकाळी पहिला फोन त्या नेत्याचाच आला. संपादक खुलून बाहेर आले. "साहेब स्वतः बोलले! म्हणाले, पेपरनं चोर बरोबर पकडला. त्या ड्रायव्हरला आजच काढून टाकायला सांगतो. टाळ्या वाजवा तात्यांसाठी."

आम्ही दोघा-चौघांनी वाजवल्याही. तात्यांनी पेपर ओढून घेतला, चित्र डोळ्यांजवळ नेलं. मी त्यांच्यासमोरच होते. तोंडावरचं रक्त उतरणं म्हणतात ते मी तेव्हा बघितलं.

तिसऱ्या दिवशी लक्ष्मण आला. हातात कात्रण, दुमडून दुमडून मऊ झालेलं. आरडाओरडा नाही, काही नाही. तात्यांच्या टेबलासमोर उभा राहिला.

"तात्या, ह्यो मीच न्हवं?"

"व्हय."

"मग मी कवा इकलं पाणी? तुमी तर दिवसभर हुता की माझ्यापाशी."

तात्यांनी मांडी सोडली, पाय चपलांत घातले.

"बाया टँकरपाशी येईनात. हंडे पालथे घातले. ज्या म्हातारीचं पिंप भरत हुतो, ती माझ्या अंगावर थुकली. टँकरच्या काचेवर चिकटवलं हुतं हे. सांजंला कामावरनं बी काढलं. माझी पोरगी वाचती आता, तात्या. तुमी सांगा त्यास्नी. तुमचं ऐकतील."

तात्या त्याला घेऊन संपादकांकडं गेले. काच होती मधे, पण ऐकू येत होतं. माफी छापा, एवढंच तात्या म्हणत होते. संपादक म्हणाले, "तात्या, आपण नाव कुठं छापलंय? माफी कुणाची मागायची? आणि नाव घालून माफी छापली, तर ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल तो कोण ते. याचंच नुकसान आहे त्यात."

सगळ्यात वाईट काय, तर ते बोलणं खोटं नव्हतं. लक्ष्मणलाही ते पटल्यासारखं दिसलं. त्यानं कात्रण परत दुमडलं, खिशात घातलं. जाताना माझ्याकडं बघून हात जोडले. मला का जोडले, ते मला अजून कळलेलं नाही.

तात्यांनी दुसऱ्याच दिवशी एसटी धरली. एकटेच वाड्यांवर गेले. पारावर उभं राहून सांगितलं, चूक माझी, हा माणूस इमानदार आहे, मी डोळ्यानं बघितलंय. एका बाईनं त्यांना काय उत्तर दिलं, ते त्यांनी मला पुढं शब्दाला शब्द सांगितलं: "काढलं बी तुमीच, आन आता न्हाई बी तुमीच म्हंताय. सायबानं खिसा गरम केला जणू." बाकीच्या हसल्या. आयुष्यात एक पैसा न घेतलेला माणूस. त्यांच्याच मुलखात, त्यांच्याच बोलीत, तोंडावर.

ठेका मेव्हण्याकडंच राहिला. चोर सापडला होता ना. आता बोंब कशाची मारायची?

महिन्याभरात लक्ष्मण बिऱ्हाड उचलून निघून गेला. कुठं गेला, त्याच्या भावकीनं तात्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर तात्यांनी तोंड काढलं नाही. म्हणजे चित्रं काढायचे, रोज चारला, चहा गार होईपर्यंत. पण सगळी माणसं पाठमोरी. पुढारी पाठमोरे, मतदार पाठमोरे, पोलीस पाठमोरे. वाचकांची पत्रं आली, की तुमची ही नवी पद्धत फार अर्थपूर्ण वाटते. एका महाविद्यालयात त्यावर भाषण ठेवलं होतं म्हणे. तात्या गेले नाहीत. मी एकदा म्हटलं, "एखादं तरी काढा हो." तर लेखणी दौतीत तशीच ठेवून म्हणाले, "काढाय जातो, आक्का. पर जे उतरंल ते कुणाचं असंल, ह्याची खात्री द्यायला मी कोण?"

वर्षभरानं ती चौकट काढून तिथं सोन्याच्या दुकानाची जाहिरात आली. तात्या गावी गेले. कुणी काही बोललं नाही, मीही नाही.

माझं घर सांगलीशेजारी कुपवाडला. कारखान्यांच्या मागच्या वस्तीत. आमच्या बचत गटात पापड लाटायला एक बाई यायची, शालन. बोलणं वडूजकडचं. सहा-सात वर्षं झाली असतील त्या चित्राला. एकदा फोटो काढायचा होता गटाचा, तर म्हणाली, "आमच्यात फोटो काढत न्हाईत. आमचं मालक मोबाईल दिसला की भिंतीकडं तोंड करत्यात." बाया हसल्या. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मी हळूच विचारत विचारत गेले. लक्ष्मणच तो. एका कारखान्यात माल उचलायच्या कामावर.

मी तात्यांना फोन केला. करायला नको होता का? अजून ठरवता येत नाही.

आठ दिवसांनी तात्या आले. वाळून गेले होते अगदी. काखेत जुन्या धोतरात गुंडाळलेली फ्रेम. माझ्याकडं उघडून दाखवली. लक्ष्मणचं तोंड. रंगात. तुटका दात, भुवई, सगळं होतं, पण असा माणूस की त्याच्या हातून पाणी घ्यावंसं वाटावं. इतक्या वर्षांनी काढलेलं ते एकच तोंड.

शालननं आम्हाला घरात घेतलं, पाणी दिलं, चहा टाकला. तात्यांनी नाव सांगितलं, फ्रेम उघडून दोन्ही हातांनी पुढं धरली. तिनं ती हातात घेतली नाही. पण बघितली, बराच वेळ.

"आवं तात्या, लय हुबेहूब काढता तुमी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्येच तर झालं न्हवं?"

तात्यांचे हात खाली आले.

"हितं ते कोण हायती, कुणाला ठावं न्हाई. भिंतीला हे लावलं तर आल्यागेल्याला मी काय सांगू? दर उन्हाळ्याला त्ये दुसरं चित्र येतंय मोबाईलवर. शेजारणी दावत्यात मला, हसत्यात. मी बी हसते. न्या हे. आन परत काढू नगा त्येंचं तोंड, पाया पडते तुमच्या."

चहा आम्ही प्यायलो. न पिता उठणं तिला आवडलं नसतं. तात्यांनी एवढंच विचारलं, "कवा सुटतो?"

"साडेतीनला. पर भेटतील का, न्हाई सांगता येत."

कारखान्याच्या फाटकासमोर रस्त्याच्या कडेला आम्ही उभे राहिलो. भोंगा झाला आणि पोरं-माणसं मोटारसायकलींवरून लोटली. कुपवाडची धूळ तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, नुसते डोळे उघडे. तात्या एकेकाकडं बघत होते. फ्रेम छातीशी. गर्दी पातळ होत गेली. मला वाटलं, गेला असेल निघून.

तेवढ्यात एक गाडी आमच्यापाशी येऊन थांबली. इंजिन चालूच. रुमाल डोळ्यांखाली घट्ट.

"तात्या."

तात्या एक पाऊल पुढं झाले.

फ्रेमकडं त्यानं बघितलंच नाही. मग म्हणाला, "इट्याची गाडी चुकंल तुमची. तिथनं फुडं वडूजला काय मिळत न्हाई मग. जावा आता."

रुमाल त्यानं काढला नाही. पायानं गिअर टाकला आणि निघून गेला.

मी तात्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी तो सोडवून घेतला. "चल आक्का, चल. गाडी चुकंल म्हणला त्यो." आणि असे झपाझप स्टँडच्या वाटेला लागले, की माझ्यानं त्यांना गाठवेना. मी मागून हाका मारत होते, अजून तासभर आहे हो विट्याच्या गाडीला. ते थांबले नाहीत.